केस सुटली, पण कागद कुठाय?

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत. कोणाची केस कधीच निकाली निघाली, कोणाची अजून चालू आहे, कोणाला दुसऱ्याच्या केसबद्दल जाणून घ्यायचंय, आणि सगळ्यांना फौजदारी कोर्टातला कागद कसा काढायचा हेच विचारायचंय. म्हणून हा अंक त्यालाच दिला. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं मुद्दाम दिली नाहीत.

ताई, मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. २०१७ मध्ये धुऱ्यावरून (बांधावरून) शेजारच्या वावरवाल्यासोबत भांडण झालं. माझ्यासोबत माझ्या पोराचंही नाव टाकलं, तो तेव्हा १९ वर्षांचा होता. मारहाण, शिवीगाळ, धमकीची ३२४, ५०४, ५०६, ३४ ही कलमं लावली. चार वर्षं पेश्या केल्या, २०२१ मध्ये दोघंही निर्दोष सुटलो. आमचे वकीलसाहेब वारले, केस नंबर आमच्याजवळ नाही. आता पोरगा पोलीस भरतीत मैदानी अन् लेखी दोन्हीत निघाला, तर निकालाची नक्कल आणा म्हणतात. एक जण पाच हजार मागून राहिला, सगळं करून देतो म्हणते. फॉर्ममध्ये केसचं लिहायचं का नाही तेही सांगा.

भाऊ, आधी ते पाच हजार देऊ नका. पैशाची गोष्ट तर आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. माझ्या चुलतभावानं असंच एकाला तीन हजार दिले, त्यानं चार दिवसांनी एक कागद आणून दिला, वर केस नंबर, खाली निकालाची तारीख, दिसायला एकदम बरोबर. तो कागद घेऊन भाऊ नोकरीच्या ऑफिसात गेला तर तिथल्या बाईंनी उलटा करून पाहिला अन् म्हणाल्या यावर शिक्का कुठाय. तो ई-कोर्ट्सच्या साइटवरचा प्रिंट होता, कोणालाही मोबाइलवर फुकट दिसतो तो. त्या दिवशी कागदपत्र तपासणीची शेवटची तारीख होती. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते, स्क्रीनवरचा कागद माहितीसाठी असतो, ऑफिसात दाखवायला सहीशिक्क्याची नक्कलच लागते, आणि ती तुमचा पोरगा स्वतः काढू शकतो.

कोर्टात सगळं नंबरावर चालतं म्हणून नंबरापासून सुरू करू. तुमच्या केसला दोन नंबर आहेत. पहिला पोलीस स्टेशनचा, ज्याला आपल्याकडं अप.क्र. (अपराध क्रमांक) म्हणतात, तोच एफआयआर नंबर, आणि दुसरा कोर्टाचा. तुमच्या कलमांवरून ती आर.सी.सी. म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केस असणार, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चाललेली. एक जरी नंबर मिळाला तर दुसरा निघतो. घरात पेटी, ट्रंक, देवघरामागची पिशवी, सगळं उपसा. समन्स, जामिनाचा कागद, कुठल्या तरी पेशीची चिठ्ठी, एवढं सापडलं तरी पुरे. तुमचा जामीन ज्यानं घेतला त्याच्याकडं विचारा, जामीनदार लोक कागद जपून ठेवतात कारण त्यांचा सातबारा त्यात गुंतलेला असतो. वकीलसाहेबांच्या हाताखाली जे ज्युनिअर होते त्यांच्याकडं जुनी डायरी असू शकते, त्यांना भेटायला संकोच करू नका.

काहीच नाही सापडलं तर मोबाइल घ्या. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाची सरकारी साइट आहे, त्याच नावाचं अ‍ॅपही आहे (पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा, नाव सारखं ठेवून पैसे मागणाऱ्या साइटी पण असतात). तिथं केस स्टेटसमध्ये जाऊन राज्य महाराष्ट्र, जिल्हा यवतमाळ, मग दारव्ह्याचं कोर्ट निवडायचं. शोधायच्या बऱ्याच पद्धती दिसतील, तुमच्या कामाच्या दोन, एफआयआर नंबर आणि पार्टीचं नाव. अप.क्र. माहीत असेल तर पोलीस स्टेशन, नंबर आणि वर्ष टाकलं की झालं. नावानं शोधताना वर्ष टाकावं लागतं, आणि इथंच लोक दोन चुका करतात. एक म्हणजे पेंडिंगवर टिक तसंच राहू देतात, तुमची केस निकाली निघालेली आहे तर डिस्पोज्ड निवडा, नाही तर जन्मभर शोधलं तरी दिसणार नाही. अन् वर्ष म्हणजे केस कोर्टात नोंदली गेली ते वर्ष, भांडण २०१७ चं असलं तरी दोषारोपपत्र (चार्जशीट) २०१८ मध्ये गेलं असेल तर २०१८ टाकून बघा. दुसरी चूक स्पेलिंगची. नावं इंग्रजीत टाइप केलेली असतात, आपल्याकडं वानखडे अन् वानखेडे दोन्ही, कोणी मध्ये ए लावतो कोणी ई, कधी बापाचं नाव आधी कधी आडनाव आधी, म्हणून पूर्ण नाव न टाकता पहिली चार-पाच अक्षरं टाका अन् यादी वाचत बसा. पोराचं नाव नाही दिसलं तर तुमचं टाका, आरोपी नंबर एक म्हणून बहुतेक तुमचंच असेल अन् त्याच्यापुढं नुसतं अदर्स लिहिलेलं असेल.

केस उघडली की वर सी.एन.आर. नंबर, म्हणजे त्या केसचा ओळख नंबर, दिसेल, १६ अक्षरं-आकड्यांचा, एम-एच पासून सुरू होणारा, शेवटचे चार आकडे वर्षाचे. तो वहीत लिहून ठेवा. खाली केस नंबर, निकालाची तारीख आणि निकाल कसा लागला तेही असतं, बऱ्याच केसेसमध्ये निकालाची पीडीएफ पण उघडते. ती वाचून घ्या, पोराचं नाव त्यात आहे ना, ते दहावीच्या मार्कशीटशी जुळते ना. आपल्याकडं रिपोर्टमध्ये घरातलं नाव लिहून टाकतात अन् तेच पुढं निकालापर्यंत चालत राहते. तसं असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र नकलेसोबत लावायला तयार ठेवा.

नंबर हातात आला की कोर्टात जा, सकाळी जा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद असते अन् तुमचा गावाकडचा परतीचा वेळ जातो. नक्कल विभाग विचारा. अर्ज साधा असतो, अर्जदाराचं नाव-पत्ता, कोर्टाचं नाव, केस नंबर, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, कोणत्या कागदाची नक्कल पाहिजे, किती प्रती, आणि कशासाठी. अर्ज पोराच्या नावानं, त्याच्या सहीनं करा, तो स्वतः आरोपी होता म्हणजे पक्षकार आहे, त्याला कारण पटवून द्यायची गरज पडत नाही. कोर्ट फी तिकीट लागते आणि नकलेचे पैसे पानांच्या हिशोबानं भरावे लागतात, ती रक्कम दलालाच्या आकड्याच्या जवळपासही नसते. नोकरीची तारीख जवळ आहे तर अर्जावर तातडीची नक्कल असं स्पष्ट लिहा, भरतीचं पत्र झेरॉक्स करून जोडा. पावती घ्या, पावतीशिवाय खिडकीवरून हलू नका. अन् जाताच आहात तर दोन प्रती मागा, एक भरतीच्या फाइलीत जाईल ती परत येणार नाही.

निकाल लागून तीन-चार वर्षं झाली म्हणजे फाइल कोर्टातून रेकॉर्ड रूमला गेलेली असू शकते, मग वेळ जास्त लागतो, कधी बस्ता शोधायलाच आठवडा जातो, त्यात बाबू टाळतोच असं समजू नका. पण पावतीवरच्या तारखेला जाऊन उभं राहायचं. टोलवाटोलवी होते आहे असं वाटलं तर कोर्टाच्या अधीक्षकांना भेटा, तोंडी बोलू नका, पावती दाखवा.

नक्कल मिळाल्यावर ती तिथंच उलटून बघा. खऱ्या नकलेवर कोर्टाचा गोल शिक्का असतो, सही असते, आणि शेवटच्या पानावर तारखांचा शिक्का असतो, अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. त्या तारखा नुसत्या शोभेला नसतात. कोणाला शिक्षा झाली असेल अन् अपील करायचं असेल तर मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन कोर्टात जायला ३० दिवस असतात, आणि नक्कल तयार व्हायला कोर्टाला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, ते मोजतात याच तारखांवरून. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीला तर निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळते, त्यासाठी कोणाला एक रुपया द्यायचा नसतो.

आता फॉर्मचं. लिहा. केस होती, कलमं ही, निर्दोष सुटलो या तारखेला, सगळं जसंच्या तसं लिहा. सुटलो म्हणजे केस नव्हतीच असं समजून पोरं नाही वर टिक करतात आणि नंतर चारित्र्य पडताळणीत पोलीस स्टेशनच्या रेकॉर्डवर अप.क्र. निघतो. २०१६ मध्ये अवतार सिंह प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हेच स्पष्ट केलं की फॉर्ममधली माहिती खरी पाहिजे, काही लपवलेलं नको. लपवलं तर त्या लपवण्यावरूनच नोकरी जाऊ शकते. खरं लिहिल्यावर पण नेमणूक द्यायचीच असं बंधन खात्यावर नाही, ते गुन्ह्याचं स्वरूप आणि सुटका कशी झाली ते बघतात. म्हणून पोराला म्हणा निकालाचं शेवटचं पानच दाखवू नको, पूर्ण निकाल दे, धुऱ्याचं भांडण होतं अन् साक्षीदारांनी काय सांगितलं हे त्यात लिहिलेलं आहे. तेच त्याच्या बाजूनं बोलते.

ताई, माझे यजमान मोटरसायकलवर वणीकडून येत होते, ट्रकनं उडवलं, जागीच गेले. रिपोर्ट दिरानं दिला. आता शेतकरी अपघात योजनेसाठी अन् विम्यासाठी कागदं लागतात, पोलीस स्टेशनला गेलं की सांगतात कोर्टात मागा, कोर्टात सांगतात अजून आलं नाही. मी दोन लेकरं घेऊन किती चकरा मारू?

ताई, तुमचं पत्र वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. या कागदांवर तुमचा हक्क आहे. पूर्वी एफआयआरची फुकट प्रत फक्त रिपोर्ट देणाऱ्याला मिळायची, १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम १७३ मध्ये पीडित व्यक्तीलाही ती फुकट द्यायची असं आहे, आणि मेलेल्या माणसाचे वारस त्यात येतात. तेव्हा एफआयआर दिराला आणायला लावू नका, तुम्ही स्वतः अर्ज द्या अन् अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोलीस स्टेशनचा पोच शिक्का घ्या.

तोवर एक सोपं काम करा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर एफआयआर टाकलेल्या असतात, सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्येच सांगितलंय की एफआयआर २४ तासांत साइटवर टाका, दुर्गम भागामुळं कनेक्टिव्हिटीची अडचण आहे तिथं जास्तीत जास्त ७२ तास. जिल्हा, पोलीस स्टेशन, तारीख टाकून शोधा. गावातल्या कुठल्याही कॉलेजातल्या पोराला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल. (बायकांवरचे लैंगिक गुन्हे, लेकरांवरचे गुन्हे असे संवेदनशील रिपोर्ट तिथं टाकत नाहीत, तेव्हा तसं काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका.)

तुम्हाला एफआयआर एकटी पुरणार नाही. घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि पीएम रिपोर्ट हेही लागतात. तपास चालू आहे तोवर हे पोलिसांकडं असतात, दोषारोपपत्र दाखल झालं की फाइल कोर्टात जाते, म्हणून तुम्हाला इकडून तिकडं पाठवतात. दोघंही कदाचित खरंच सांगत असतील, फाइल मध्येच असेल. त्यासाठी पोलीस स्टेशनला नेमकं एवढंच विचारा, दोषारोपपत्र पाठवलं का, कोणत्या तारखेला, कोणत्या कोर्टात. प्रत्येक स्टेशनचा एक जमादार कोर्टाचं काम बघतो, पैरवीवाला म्हणतात त्याला, त्याला हे पाठ असते. गेलं असेल तर कोर्टात वर सांगितल्यासारखा नकलेचा अर्ज. गेलं नसेल तर ठाणेदारांना लेखी अर्ज, कारण लिहून, की योजनेसाठी आणि नुकसानभरपाईसाठी पाहिजे.

आणि वेळ घालवू नका. ट्रकवाल्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मागायचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करावा लागतो अन् त्याला आता कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही तसाच. १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे, आजच लावा. पुढच्या वेळी चक्कर मारायची तर त्या वकिलाला सोबत घेऊन मारा.

माझ्या वडलांवर १९९१ मध्ये मालेगाव (जि. वाशीम) भागात एक केस झाली होती, सुटले असं आई सांगते. वडील राहिले नाहीत. आता जमिनीच्या वादात समोरचा पक्ष म्हणते तुझ्या बापाला शिक्षा झाली होती. ते रेकॉर्ड कुठं मिळेल? ई-कोर्ट्सवर काहीच दिसत नाही.

दिसणार नाहीच दादा, एवढ्या जुन्या निकाली केसेस बहुतेक ऑनलाइन चढलेल्याच नाहीत, तिथं नाही म्हणजे कोर्टात नाही असं नाही. एक गोष्ट लक्षात घ्या, १९९१ मध्ये वाशीम जिल्हाच नव्हता, १ जुलै १९९८ ला तो अकोल्यातून वेगळा झाला. म्हणून चौकशी दोन्हीकडं करायची, आधी तिकडच्या कोर्टात अन् वाशीमला, मग अकोल्याच्या रेकॉर्ड रूमला. हेच गोंदियावाल्यांना भंडाऱ्याचं आणि गडचिरोलीवाल्यांना चंद्रपूरचं लागू आहे, गोंदिया १९९९ चा अन् गडचिरोली १९८२ चा.

फौजदारी केसची कागदं ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात, तेव्हा पूर्ण फाइल मिळेल अशी आस धरू नका. पण निकाल अन् रजिस्टरमधली नोंद मागायला काय जाते. वर्ष, पोलीस स्टेशन, वडलांचं पूर्ण नाव, गाव, एवढं लिहून अर्ज द्या, वारस म्हणून मृत्यूचा दाखला जोडा. रेकॉर्ड नष्ट झालं असं सांगितलं तर तेच अर्जावर लेखी मागा. कारण शिक्षा झाली असं जो म्हणतो त्यानंच कागद दाखवायचा असतो, तुमच्याकडं निदान आम्ही शोधलं, असं उत्तर मिळालं हे राहील.

पोरीसाठी स्थळ आलंय, मुलावर केस आहे असं कानावर आलं. कोर्टातून त्याचे कागद आम्हाला मिळतील का? माहिती अधिकारात टाकू का?

माहिती अधिकारात नका टाकू. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सांगून टाकलंय की कोर्टाच्या फाइलीतल्या कागदांच्या नकला कोर्टाच्या नियमांनुसारच मागायच्या. तुम्ही त्या केसमध्ये पक्षकार नाही, तिऱ्हाईत आहात. तिऱ्हाइताला पण अर्ज करता येतो, पण कारण लिहावं लागते, बहुतेक प्रतिज्ञापत्रावर, आणि द्यायचं का नाही ते जजसाहेब ठरवतात. दोषारोपपत्र तर तुम्हाला असं सहज मिळणारच नाही, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की ते सार्वजनिक कागद नाही. आरोपीला त्याची प्रत फुकट मिळते, अन् नव्या कायद्यात पीडिताचा वकील असेल तर पीडितालाही.

तुम्हाला खरं तर फक्त एवढं जाणून घ्यायचंय की केस आहे का अन् कशाची. त्यासाठी ई-कोर्ट्सवर नावानं शोधणं पुरेसं आहे. पण माझी कळकळीची विनंती आहे, नाव जुळलं म्हणून माणूस तोच असं धरू नका. एका तालुक्यात एकाच नावाचे चार जण निघतात, बापाचं नाव, गाव, वय सगळं जुळवा. कलमं काय आहेत ते बघा, हेल्मेट नसल्याची केस अन् मारहाणीची केस सारखी नसते. अजून चालू असेल तर त्यानं गुन्हा केला हे कोणीच ठरवलेलं नाही. अन् तो स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, सरळ त्याच्या बापाला विचारा, खरं सांगते, समोरासमोर विचारलं की बरंचसं कळते. मुलगा तेव्हा १८ च्या खालचा असेल तर ते प्रकरण बाल न्याय मंडळाकडं गेलेलं असते, त्याची ओळख उघड करायला कायद्यानंच मनाई आहे, तिथं खोदकाम करू नका.

आमच्या रिपोर्टचं पाच वर्षांपासून काहीच झालं नाही. कोर्टात नाव टाकलं तर केस निघत नाही. (अचलपूर तालुका)

मग ती कोर्टात गेलीच नसेल, किंवा वेगळ्या वाटेनं गेली असेल. आधी तुमच्याकडचा कागद बघा, त्यावर अदखलपात्र किंवा एन.सी. लिहिलंय का. नुसती शिवीगाळ, धमकी, चापटबुक्क्या असल्या की पोलीस एन.सी. घेतात, त्यात मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपासच होत नाही, मग केस नंबर कुठून येणार.

एफआयआर असेल तर दुसरी शक्यता समरीची. तपासात काही निघालं नाही तर पोलीस कोर्टात समरी रिपोर्ट पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, बी म्हणजे तक्रार खोटी, सी म्हणजे खरीही नाही खोटीही नाही, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी वादाची. मंजूर करण्याआधी रिपोर्ट देणाऱ्याला नोटीस देऊन म्हणणं ऐकायचं असते. ती नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, कोणी दुसऱ्यानंच घेतली, असं आपल्या गावांमध्ये फार होते. पोलीस स्टेशनला लेखी विचारा की अप.क्र. अमुकचं काय झालं, समरी पाठवली असेल तर तारीख अन् जावक नंबर घ्या, आणि कोर्टात जाऊन समरी रिपोर्टची अन् त्यावरच्या आदेशाची नक्कल मागा. तुम्ही फिर्यादी आहात, तिऱ्हाईत नाही. बी समरी असेल तर ती नक्कल हातात आल्या आल्या वकिलाकडं न्या, कारण खोटी तक्रार दिली म्हणून उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते.